उसाच्या काट्यापासून वॉरगेमपर्यंत : लष्करी ओआरमध्ये येऊ पाहणाऱ्यांसाठी

आमच्या गल्लीत माझी ख्याती 'मिलिटरीत कॉम्प्युटरवर गेम खेळतोय' अशी आहे. ती पुसायचा नाद मी कधीच सोडला, कारण ते निम्मं खरं आहे. माझं काम ऑपरेशन्स रिसर्च, म्हणजे सैन्याच्या प्रश्नांना आकड्यांनी उत्तर शोधणं. उरलेलं निम्मं सांगायला हा लेख.

दर वर्षी निकाल लागले की कुणीतरी पोरगं नाहीतर पोरगी घरी येते. शिवाजी विद्यापीठातून एमएस्सी स्टॅट झालेलं असतं, आकड्यांची आवड असते आणि घरात कुणीतरी फौजेत असतंच. ज्या कोल्हापूर जिल्ह्यात सैनिक टाकळी नावाचं गाव आहे तिथं याचं नवल नाही. प्रश्न ठरलेला : 'दादा, तुमच्या लाईनला यायचं तर काय करायचं?' आईवडिलांचाही ठरलेला : 'भरतीला छाती किती लागते?' छाती लागत नाही. काय लागतं ते क्रमानं सांगतो.

आधी काम काय आहे ते समजून घ्या

दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. ब्रिटिश कोस्टल कमांडची विमानं जर्मन पाणबुड्यांवर पाण्याखाली फुटणारे बॉम्ब टाकायची. ते साधारण १०० फूट खोलीवर फुटतील असं सेटिंग असायचं. विमान दिसलं की पाणबुडी बुडी मारणार, बॉम्ब पडेपर्यंत एवढी खाली गेलेली असणार, असा हिशोब. ई. जे. विल्यम्स या भौतिकशास्त्रज्ञानं हल्ल्यांच्या नोंदी तपासल्या आणि हिशोबातली खोट काढली. पाणबुडीनं विमान लवकर पाहिलं तर ती खोल जाते हे बरोबर; पण मग ती नेमकी कुठं आहे हेच वरून कळत नाही, बॉम्ब अंदाजानं पडतो. खरोखर मारता येईल अशी पाणबुडी म्हणजे जी अजून वर आहे किंवा नुकतीच बुडायला लागली आहे. तिच्यासाठी १०० फूट म्हणजे बॉम्ब पार खाली जाऊन फुटणार. सेटिंग २५ फुटांवर आणलं आणि हल्ल्यांचं यश कितीतरी पटींनी वाढलं. विमान तेच, बॉम्ब तोच, वैमानिकही तेच.

हे झालं ऑपरेशन्स रिसर्च. आम्ही नुसतं 'ओआर' म्हणतो. सैन्याकडे जे आहे ते कसं वापरलं तर जास्त उपयोगी पडेल आणि नवीन घ्यायचं तर नेमकं काय घ्यावं, याचं आकड्यांनी दिलेलं उत्तर. त्या काळी ब्रिटनमध्ये या कामाचं नेतृत्व करणाऱ्यांत पॅट्रिक ब्लॅकेट होते. त्यांना १९४८ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. स्वातंत्र्यानंतर नेहरूंनी संरक्षण-विज्ञानाबद्दल सल्ला घ्यायला याच ब्लॅकेटना बोलावलं होतं. १९४८ मध्ये दौलतसिंह कोठारी संरक्षण मंत्रालयाचे वैज्ञानिक सल्लागार झाले आणि १९५८ मध्ये संरक्षण संशोधनाची सरकारी संस्था, डीआरडीओ, उभी राहिली. आज डीआरडीओत या कामाची मुख्य जागा म्हणजे दिल्लीची 'इस्सा', इन्स्टिट्यूट फॉर सिस्टिम्स स्टडीज अँड ॲनालिसिस. सैन्यासाठी वॉरगेम (नियम लावून खेळलेली खोटी लढाई) आणि सिम्युलेशन (खऱ्या गोष्टीची नक्कल) तिथं बनतात.

सिम्युलेशन म्हटलं की पोरांच्या डोळ्यापुढं पडद्यावरचा रणगाडा येतो. तीन प्रकार वेगळे ठेवा. खरी माणसं खऱ्या साधनांनी मैदानात सराव करतात तो 'लाईव्ह'. खरा माणूस खोट्या कॉकपिटमध्ये बसतो तो 'व्हर्च्युअल'. माणसंही खोटी, साधनंही खोटी, सगळं कॉम्प्युटरच्या आत, तो 'कन्स्ट्रक्टिव्ह'. विश्लेषकाचं बहुतेक आयुष्य तिसऱ्यात जातं, आणि त्याचा पडदा बघायला फार कंटाळवाणा असतो. ग्राफिक्सची हौस असेल तर दुसऱ्या प्रकारात जा. तिथं पगारही बरा मिळतो आणि घरच्यांना दाखवता येईल असं काहीतरी असतं.

गणित किती?

भीती वाटते त्यापेक्षा कमी आणि वाटतं त्यापेक्षा पक्कं. संभाव्यता आणि संख्याशास्त्र हा पाया. त्यावर लिनिअर प्रोग्रॅमिंग, रांगांचा सिद्धांत, थोडे डिफरेन्शियल इक्वेशन्स आणि गेम थिअरीची ओळख. बीएस्सी-एमएस्सीला हे बहुतेक सगळं येऊन जातं, फक्त परीक्षेपुरतं येतं. सिम्प्लेक्सचं, म्हणजे लिनिअर प्रोग्रॅमिंग सोडवायच्या रीतीचं, टेबल पाठ असतं. पण त्यातल्या शॅडो प्राइसचा (एखादं साधन एकानं वाढलं तर फायदा किती वाढेल) अर्थ विचारला की गप्प. अर्थ येऊ द्या, टेबल कॉम्प्युटर करतो.

प्रोग्रॅमिंगला पायथन घ्या. त्यातली सिमपाय ही फुकट लायब्ररी रांगा आणि वाहतुकीच्या सिम्युलेशनला उत्तम. एजंटवालं, म्हणजे प्रत्येक माणूस नाहीतर गाडी आपापल्या नियमानं वागते असं, काही करायचं असेल तर नेटलोगो, तेही फुकट. पण सुरुवात एक्सेलनं करा. शरमू नका. मी अजूनही प्रत्येक मॉडेलचं पहिलं रूप एक्सेलमध्येच करतो.

वही घेऊन काट्यावर जा

आता जरा थांबून सांगतो, कारण या पायरीवर पोरं उडी मारून पुढं जातात आणि मग आयुष्यभर घसरतात.

लष्कराची आकडेवारी तुम्हाला कुणी देणार नाही, देऊही नये. पण लष्कराचे अर्ध्याहून जास्त प्रश्न लढाईचे नसतातच. ते असतात वाट बघण्याचे. पेट्रोल भरायच्या ठिकाणी गाड्यांची रांग, एकपदरी पुलावर ताफ्याची रांग, दारूगोळा उतरवायच्या जागी ट्रकची रांग. आणि रांग बघायला आपल्या जिल्ह्यासारखा जिल्हा नाही. गळीत हंगामात कुठल्याही साखर कारखान्यावर जा, परवानगी घ्या, आणि केनयार्डाबाहेर वही-पेन घेऊन तीन तास उभे राहा.

प्रत्येक ट्रॅक्टरसाठी चार वेळा लिहा : यार्डात आला कधी, भरलेल्या वजनाला काट्यावर चढला कधी, गव्हाणीवर मोळ्या उतरून मोकळा झाला कधी, रिकाम्या वजनानंतर बाहेर पडला कधी. बैलगाड्यांची रांग वेगळी असेल तर वेगळं पान. शेवटचा रकाना 'काय झालं' म्हणून मोकळा सोडा. क्रेन बंद पडली, काट्यावाल्याची पाळी बदलली, कुणाची वशिल्यानं मधे घुसलेली गाडी, सगळं त्यात. हा रकाना नसेल तर बाकीच्या चारांचा उपयोग नाही.

घरी येऊन हिशोब करा. समजा गव्हाणीवर एक ट्रॉली मोकळी व्हायला सरासरी ५ मिनिटं लागतात आणि सरासरी दर ६ मिनिटांनी एक ट्रॉली येते. कागदावर एक मिनिट मोकळं आहे, रांग लागायलाच नको. पण येणं आणि उतरवणं दोन्ही अनियमित असेल, म्हणजे पाठ्यपुस्तकातली एम-एम-वन रांग, तर रांगेतली सरासरी वाट २५ मिनिटं निघते. आता ट्रॉल्या दर साडेपाच मिनिटांनी यायला लागल्या असं धरा. अर्ध्या मिनिटाचाच फरक. वाट होते ५० मिनिटं. दुप्पट.

हे गणित हातानं एकदा करा, मग सिमपायमध्ये करा, मग वहीतल्या खऱ्या आकड्यांशी ताडून बघा. तिन्ही जुळणार नाहीत. का जुळत नाहीत ते शोधताना जे शिकाल ते कुठल्याही वर्गात शिकवत नाहीत. बहुतेक वेळा उत्तर त्या मोकळ्या रकान्यात सापडतं. मग ट्रॉलीच्या जागी पाण्याचा टँकर आणि गव्हाणीच्या जागी पूल ठेवा. झालं तुमचं पहिलं लष्करी लॉजिस्टिक्स मॉडेल, आणि त्यात गोपनीय एक अक्षर नाही.

लढाईचं गणित, पावनखिंडीसकट

लढाईचं पहिलं गणित म्हणून सगळे लँचेस्टर शिकवतात. फ्रेडरिक लँचेस्टर हा इंग्रज मोटार-इंजिनिअर. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यानं मांडलं की दोन्ही बाजूंचे सगळे सगळ्यांवर नेम धरू शकत असतील, तर बळ संख्येवर नाही, संख्येच्या वर्गावर ठरतं.

एक्सेल उघडा. 'अ' बाजू १०००, 'ब' बाजू ५००, दोघांची नेमबाजी सारखी. दर मिनिटाला प्रत्येक बाजूचं नुकसान म्हणजे समोरच्यांच्या संख्येचा एक टक्का. ओळी खाली ओढत जा. 'ब' शून्यावर येईल तेव्हा 'अ'कडे ८६४च्या आसपास उरलेले असतील. सूत्रानं वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढलं तर ८६६. म्हणजे ५०० जणांना संपवायला १००० जणांनी जेमतेम १३५ गमावले. आता एका मिनिटाऐवजी दहा-दहा मिनिटांच्या ओळी करा, नुकसान दहा टक्के. उत्तर ८४१ येतं. लढाई तीच, पायरी मोठी घेतली म्हणून वीस-पंचवीस माणसं कागदावर मेली. मॉडेलमधली कुठली माणसं शत्रूनं मारली आणि कुठली तुमच्या आळसानं, हे ओळखायची सवय इथूनच लावा.

आणखी एक करून बघा. 'ब'चे १००० आहेत, पण पाचशे-पाचशेच्या दोन तुकड्यांत, एकामागून एक येणारे. पहिल्या तुकडीनंतर 'अ'चे ८६६, दुसरीनंतर ७०७. समान संख्या असून एक बाजू साफ आणि दुसरीचे सातशे शिल्लक. सैन्य विभागू नये असं सेनापती का सांगत आले, ते दोन ओळींत दिसतं.

पण मग पावनखिंड?

जुलै १६६०. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज पन्हाळ्यावरून निसटले, विशाळगडाकडे निघाले, आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी पाठलाग रोखून धरला. परंपरेनं खिंडीतले मावळे तीनशे सांगतात, समोरचे कितीतरी पट. लँचेस्टरचा वर्गाचा नियम लावला तर बाजीप्रभू काही मिनिटांचे पाहुणे. नियम चुकला नाही, लावणारा चुकला. अट होती 'सगळे सगळ्यांवर वार करू शकतात' ही. खिंडीत पुढच्या ओळीत मावतील तेवढेच लढतात, मागचे हजार नुसते उभे. तिथं हिशोब माणसाला माणूस असा होतो, त्याला रेषीय नियम म्हणतात. वरच्याच १००० विरुद्ध ५००ला हा नियम लावला तर उरतात ८६६ नव्हे, ५००. आणि खिंड धरणाऱ्याचा हात सरस असेल, वर तो उंचावर असेल, तर पारडं आणखी फिरतं.

शिवाय बाजीप्रभूंना जिंकायचं नव्हतंच. त्यांना वेळ हवा होता, महाराज गडावर पोचेपर्यंतचा. म्हणजे या लढाईचं माप 'किती मेले' नाही, 'किती तास रोखलं' हे आहे. आमच्या भाषेत याला 'मेझर ऑफ इफेक्टिव्हनेस' म्हणतात, आणि ते चुकीचं निवडलं की बाकी सगळं अचूक असूनही अहवाल रद्दी. नवख्यानं मॉडेल बनवण्याआधी एक कागद घ्यावा आणि फक्त एवढंच लिहावं : हे यशस्वी झालं हे मला कशावरून कळेल? माझ्या पाहण्यातले फसलेले बहुतेक अभ्यास या एका ओळीत फसले होते.

फासे टाका : बोटींचा सराव

सरासरीवर निर्णय घेऊ नये हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. अंगवळणी पडायला माँटे कार्लो, म्हणजे रँडम आकडे घेऊन तोच प्रसंग पुन्हा पुन्हा खेळून बघणं, करावं लागतं. त्यासाठी आपल्या पुराचंच उदाहरण घेऊ. २०१९ आणि २०२१ ज्यांनी पाहिलंय त्यांना पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे आकडे सांगायला नकोत. पुढचे आकडे मात्र माझे, सरावापुरते.

चिखली-आंबेवाडीसारख्या गावातून १२०० माणसं काढायची आहेत. बोटीत एका फेरीला ८ जण. फेरी सरासरी ४० मिनिटांची. उजेड ११ तास, म्हणजे ६६० मिनिटं. एकूण फेऱ्या १५०. एका बोटीच्या दिवसाला सोळा फेऱ्या बसतात. १५० भागिले १६, म्हणजे साडेनऊच्या आत, म्हणून दहा बोटी. बैठकीत हे उत्तर देऊन लोक जेवायला जातात.

आता एक्सेलमध्ये प्रत्येक फेरीला रँडम वेळ द्या, कधी २५ मिनिटं, कधी ६५. कधी म्हातारी माणसं चढायला वेळ लागतो, कधी कुणी म्हैस सोडून यायला तयार नसतं. आणि प्रत्येक बोट दिवसात बंद पडण्याची शक्यता दहात एक धरा. दहाच्या दहा बोटी दिवसभर चालण्याची शक्यता ०.९ चा दहावा घात, म्हणजे ३५ टक्के. तीन दिवसांतले दोन दिवस निदान एक बोट तरी बंद पडणारच. ती सकाळीच बंद पडली तर उरलेल्या नऊ बोटींकडून १५० फेऱ्या सरासरीनंही होत नाहीत. 'दहा बोटी पुरतात' हे उत्तर खोटं नव्हतं, अर्धवट होतं. खरं उत्तर असं द्यायचं : इतक्या बोटी दिल्या तर अंधाराआधी सगळे बाहेर येण्याची शक्यता एवढी, आणखी दोन दिल्या तर एवढी, आणि बोटींऐवजी एक मेकॅनिक दिला तर एवढी. निर्णय घेणारा दुसरा असतो, त्याच्यापुढं हे तीन पर्याय ठेवणं आपलं काम.

किती वेळा फासे टाकायचे? शंभर वेळा टाकलेत तर साधारण निम्म्या शक्यतेच्या उत्तरात वर-खाली दहा टक्क्यांची गडबड धरा. हजारला तीन, दहा हजारला एक. चूक निम्मी करायला फासे चौपट वेळा टाकावे लागतात. शंभर वेळा फासे टाकून '६३.४ टक्के' असं लिहिणारा माणूस मला भेटला की मी त्याला दशांशचिन्ह खोडायला लावतो.

नोंदवहीवर संशय घ्या

अब्राहम वाल्डची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९४३ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या सांख्यिकी गटात असताना त्यानं, परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणांवरून विमानाचे नाजूक भाग कुठले ते कसं काढायचं, याचं गणित मांडलं. ज्या भागावर खुणा कमी दिसतात तिथं गोळी लागलेली विमानं परतच आली नाहीत, हा त्यातला गाभा. हाच वाल्ड १९५०च्या डिसेंबरमध्ये भारतात व्याख्यानांसाठी आला असताना निलगिरीत विमान कोसळून गेला. हे फार कुणाला माहीत नसतं.

गोष्ट माहीत असूनही मी तोच खड्डा पाहिला आणि त्यात पडलो. नोकरीतल्या सुरुवातीच्या वर्षांत डोंगरी रस्त्यावरच्या ट्रक वाहतुकीचा एक अभ्यास माझ्याकडे होता. नादुरुस्तीचं प्रमाण मी वर्कशॉपच्या रजिस्टरवरून काढलं. आकडा छान कमी आला, मॉडेल सुरेख चाललं. दिवाळीला गावी आलो होतो. आमचे एक मामा फौजेत ड्रायव्हर होते, आता शेती बघतात. त्यांना गोपनीय काही न सांगता सहज विचारलं, डोंगरात गाड्या किती बंद पडायच्या? ते ऊस सोलत होते. म्हणाले, 'वर्कशॉपला न्यायला गाडी चालाय तर पायजे, बाळा.' घाटात बंद पडली की ड्रायव्हर तारेनं, दोरीनं, कशानंही भागवायचा आणि पुढं जायचा. पाच तास गेलेले असायचे, रजिस्टरला शून्य. माझ्या मॉडेलमधले ट्रक घाटात कधी थांबलेच नव्हते.

सुट्टीवरून आलो आणि तीन महिन्यांचं काम पुन्हा केलं. वरिष्ठ ओरडले, ते बरोबरच होतं. तेव्हापासून प्रत्येक अभ्यासाला मी एक 'गृहीतकांची वही' ठेवतो. डाव्या पानावर गृहीत काय धरलं, उजव्या पानावर ते कुणी सांगितलं आणि चुकीचं निघालं तर उत्तर बदलेल का. चुकलं तरी उत्तर बदलत नाही अशा गृहीतकांमागं वेळ घालवत नाही. ज्यांनी उत्तर उलटतं, ती घेऊन माणसं शोधत फिरतो. ड्रायव्हर, स्टोअरकीपर, हवालदार. लेफ्टनंट कर्नलला प्रश्न माहीत असतो, हवालदाराला उत्तर.

आत शिरायचे रस्ते

सरळ रस्ता डीआरडीओचा. 'सायंटिस्ट बी' पदासाठी जाहिरात निघते, गेट या परीक्षेचा स्कोअर लागतो, मग मुलाखत. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे लेव्हल दहा, मूळ पगार ५६,१०० पासून. जाहिरातीत विषयांची यादी असते, गणित आहे की नाही, तुमची पदवी बसते की नाही, ते आधी वाचा. दर वर्षी दोन-चार पोरं संख्याशास्त्राचा गेट देऊन बसतात आणि जाहिरातीत गणिताचा मागितलेला असतो.

दुसरा रस्ता जेआरएफचा, म्हणजे ज्युनियर रिसर्च फेलोशिपचा. प्रयोगशाळा थेट मुलाखती घेतात, २०२३ पासून फेलोशिप महिन्याला ३७,००० आणि वर घरभाडं. कायम नोकरी नाही, पण आतलं काम कळतं आणि पीएचडी होते. पुण्याजवळ गिरीनगरला डीआयएटी आहे, डीआरडीओच्याच अंगणातलं विद्यापीठ. सावित्रीबाई फुले विद्यापीठातही मॉडेलिंग अँड सिम्युलेशन शिकता येतं. ओआरमध्येच पदव्युत्तर करायचं तर आयआयटी मुंबईचा आयईओआर विभाग, दिल्ली विद्यापीठाचा ऑपरेशनल रिसर्च विभाग आणि कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचा (आयएसआय) क्यूआरओआर, ही तीन नावं लक्षात ठेवा.

तिसरा रस्ता वर्दीचा. अधिकारी होऊन पुढं या कामात येणारे असतात. सिकंदराबादच्या कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंटमध्ये अधिकाऱ्यांना हे तंत्र शिकवतात. वर्दी घालायचीच असेल तर घाला, पण ओआर करायला मिळेल म्हणून घालू नका. बदली कुठंही होते.

खासगी कंपन्या हैदराबाद, बंगळुरू, पुण्यात आहेत, बहुतेक प्रशिक्षणाचे सिम्युलेटर बनवणाऱ्या. तिथं सी प्लस प्लस आणि युनिटी, अनरिअल ही गेम बनवायची सॉफ्टवेअर विचारतात. कोल्हापुरात बसून हे काम होईल का? लष्करी भाग नाही. शिकायचं काम मात्र इथं उत्तम होतं, आणि खर्च पुण्याच्या निम्मा.

आत गेल्यावर काही गोष्टी जातात. गेटवर मोबाईल जमा. पोलीस पडताळणी गावापर्यंत येते, आजोबांचं नाव स्पेलिंगसकट सगळ्या कागदांवर एकच असू द्या, नाहीतर महिने जातात. १९२३चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट तुमच्यावर लागू होतो, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. केलेलं सर्वोत्तम काम बायोडेटात लिहिता येत नाही. हे सहन होणार नसेल तर आधीच विचार करा. आणि आता, शिकत असतानाही, टेंबलाईवाडीला टीएच्या (टेरिटोरियल आर्मी) बटालियनबाहेर उभं राहून 'प्रोजेक्टसाठी' गाड्या मोजायला जाऊ नका. एकानं केलं होतं. त्याचा प्रोजेक्ट पोलीस ठाण्यात पूर्ण झाला.

बोलायला आणि लिहायला शिका

ब्रिफिंगला दहा मिनिटं मिळतात, त्यातली चार समोरचा बोलतो. पहिल्या पानावर उत्तर, दुसऱ्यावर ते कधी चुकीचं ठरेल, बाकी सगळं परिशिष्टात. अल्गोरिदमचं नाव कुणी विचारल्याशिवाय घ्यायचं नाही. नकाशा असेल तर उत्तर दिशा वर ठेवा. हसू नका, मी एकदा ठेवली नव्हती.

कोल्हापुरी हिंदीची लाज बाळगू नका, फक्त 'हमारे को' जरा आवरा. पण 'माहीत नाही, उद्या सांगतो' हे वाक्य तिन्ही भाषांत स्वच्छ यायला हवं. आणि 'नुकसान' या रकान्याखाली जे आकडे येतात त्यांना आकडे म्हणूनच हाताळावं लागतं, त्याशिवाय काम होत नाही. मी एवढंच करतो की अंतिम अहवालात तो रकाना 'युनिट' न लिहिता 'माणसं' असा लिहितो. एका साहेबांनी तो बदलायला सांगितला होता. दुसऱ्यांनी परत पहिल्यासारखा करून घेतला.

मुलाखत

पुस्तकी प्रश्न येतातच : बेज, मार्कोव्ह चेन, पॉयसाँ कधी लावायचा. पण 'स्वतः केलेलं काही सांगा' म्हटलं की लोक इंटरनेटवरून उतरवलेलं मशीन लर्निंग सांगतात आणि दुसऱ्या प्रश्नाला ढेपाळतात.

मी उसाची रांग सांगितली होती. पॅनेलवर पाच जण, एकानंही साखर कारखाना आतून पाहिलेला नव्हता. वीस मिनिटं तेच चाललं. शेवटी कोपऱ्यातले एक वयस्कर गृहस्थ, तोवर एक शब्द न बोललेले, म्हणाले, 'ड्रायव्हर चहा प्यायला गेला आणि रांग पुढं सरकली, तर त्याचा नंबर जातो का?'

जात नाही. मागचा ट्रॅक्टरवाला त्याची गाडी पुढं घेतो, किल्ली आत ठेवूनच जायची पद्धत असते. मोकळ्या रकान्यात लिहिलेलं होतं, बारा तारखेच्या पानावर, चहाचा डाग पडलेला आहे तिथं.